कोपरा कापलेली फिल्म

"काकू, त्या गोळ्या घेताना लघवी लाल व्हायची का?"

हा प्रश्न मी आठवड्यातून एकदा तरी कोणाला ना कोणाला विचारते. परदेशात कायमचं राहायला जाणाऱ्यांची व्हिसासाठी जी वैद्यकीय तपासणी होते, त्या सेंटरमध्ये मी चौदा वर्षं नोकरी करते आहे. अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसाच्या मुलाखती मुंबईत, बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये होतात, त्यामुळे आमच्या बाकांवर कोल्हापूरपासून जालंधरपर्यंतची माणसं शेजारी शेजारी बसलेली असतात. पासपोर्ट बघायचा, फोटो जुळवायचा, लसींचे कागद तपासायचे, रक्त, लघवी, एक्स-रे. पंधरा वर्षांच्या पुढच्या प्रत्येकाच्या छातीचा एक्स-रे होतोच. आणि फॉर्मवर एक प्रश्न असतो: पूर्वी कधी टीबी झाला होता का?

आमच्याकडे या प्रश्नाला 'हो' म्हणणारी माणसं फार थोडी. खोटं बोलायचं असतं म्हणून नव्हे. अनेकांना कोणी टीबी हा शब्द सांगितलेलाच नसतो. डॉक्टरने "छातीत पॅच आहे" म्हटलेलं असतं, चिठ्ठीवर 'कॉक्स' लिहिलेलं असतं, गोळ्यांना घरात 'एकेटी' म्हणत असतात. पेशंटच्या लेखी तो "जुना खोकला" किंवा "छातीत पाणी". म्हणून मी लघवीचा रंग विचारते. रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाने लघवी लाल-केशरी होते, आणि आजाराचं नाव विसरलेला माणूसही ती पहिल्या दिवशीची भीती विसरत नाही.

काकू चौसष्टच्या. कुर्ल्याच्या नेहरूनगरात घर, नवरा गेलेला, मुलगी न्यू जर्सीला. मुलगी तिकडची नागरिक झाली आणि तिने आईसाठी अर्ज केला. भाचा सोबत आला होता, तो बाहेर मोबाइलवर. फॉर्मवर टीबीपुढे 'नाही'. एक्स-रे आला तर उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात जुना व्रण, धागे ओढल्यासारखा. आमच्या डॉक्टर मॅडमनी फिल्म पाहिली आणि फाइल माझ्याकडे सरकवली. याचा अर्थ मला कळतो. मी काकूंना आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि लघवीचं विचारलं.

त्यांनी पदर हातात घेतला. मग म्हणाल्या, "व्हायची. घरी कोणाला माहीत नाही हो ताई."

मी म्हटलं, काळजी करू नका. 'घरी' म्हणजे बाहेर बसलेला भाचा, असं मी धरून चालले. आवाज खाली केला, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून दार नीट लावलं. ९४ साल, नऊ महिने औषध, पहिले दोन महिने इंजेक्शनं, कुर्ल्याचेच फॅमिली डॉक्टर, सुरुवातीला दहा दिवस एका हॉस्पिटलात भरती. सगळं लिहून घेतलं.

छातीवर असा व्रण दिसला की जुने कागद असोत नसोत, तीन दिवस ओळीने सकाळी थुंकी द्यावीच लागते, आणि कल्चर लावलं, म्हणजे थुंकीतून जंतू वाढतात का ते बघायला ठेवलं, की निकालाला आठ आठवडे जातात. लोक भांडतात, "इतक्या वर्षांपूर्वी बरा झालेला आजार, आता कशाला?" भांडून काही होत नाही, जंतू वाढायला वेळ घेतो. पण जुने कागद मागतो ते वेगळ्यासाठी. औषध कधी सुरू झालं, कधी संपलं, कोणती औषधं, किती मात्रा, सुरुवातीला आणि शेवटी थुंकी कशी होती, कोर्स पूर्ण झाला का. उद्या कल्चरमध्ये काही उगवलं तर आधी कोणत्या औषधांना ते सामोरं गेलंय, हे कळलं पाहिजे. आणि जुना एक्स-रे असेल तर सोन्याहून पिवळं, कारण व्रण तेवढाच आहे की वाढलाय हे फक्त जुन्या फिल्मवरून कळतं.

हे कागद मिळवणं म्हणजे काय, ते मी चौदा वर्षं बघते आहे आणि मला अजून राग येतो. रुग्णाने मागितल्यावर बहात्तर तासांत कागद द्यावेत, असं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय. त्याच्याही आधी, १९९६ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने केसपेपरची प्रत रुग्णाला द्यायला हवी असं सांगितलंय. तरी गेल्या वर्षी बायपास झालेल्या एका आजोबांना त्यांच्या सर्जनच्या सेक्रेटरीने पाच खेपा घालायला लावल्या. सहाव्यांदा जे पत्र मिळालं त्यात एकच वाक्य होतं: पेशंट प्रवासास योग्य आहे. ते कोणी विचारलं होतं? दुसऱ्या टोकाला उदार डॉक्टर. ते मागाल त्या तारखेचं सर्टिफिकेट देतात. मी एकदा ९३ ची तारीख घातलेलं पत्र धरलं होतं आणि लेटरहेडवर मोबाइल नंबर! देशात मोबाइलच ९५ साली आला. असं पत्र पेशंटचं किती नुकसान करतं, हे ते लिहून देणाऱ्याच्या गावीही नसतं.

काकूंच्या हॉस्पिटलातून उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं. भरती रुग्णांचे कागद तीन वर्षं ठेवायचा नियम आहे, तीस वर्षांपूर्वीचे कुठून असणार. तिथल्या क्लार्कने निदान तसं लिहून सही-शिक्का दिला, त्याबद्दल मी त्याची आभारी आहे. राहिले फॅमिली डॉक्टर.

आता माझ्याकडून जे झालं ते. संध्याकाळी सगळ्या अपुऱ्या फाइलींना मेल जातो. मजकूर ठरलेला असतो, मी यादीतून लागतील त्या ओळींवर खूण करते आणि बटण दाबते. काकूंच्या मेलमध्ये ओळ गेली: 'पूर्वीच्या क्षयरोग उपचाराची कागदपत्रे आणावीत.' फाइलवरचा इमेल कोणाचा आहे, ते मी बघितलं नाही. चौसष्ट वर्षांच्या बाईचा इमेल कोण भरतं? जी अर्ज भरते ती. तो मुलीचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला सेंटरच्या मोबाइलवर फोन. तिकडे रात्र.

"आईला टीबी झाला होता?"

मी म्हटलं, रुग्णाची माहिती आम्ही दुसऱ्या कोणाला देऊ शकत नाही, तुम्ही आईंशीच बोला.

"तुम्हीच तर मेल पाठवलाय."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "९४ ला मी तिसरीत होते. मला वर्षभर गुहागरला आजीकडे ठेवलं होतं. ते याच्यासाठी का?" मी गप्प राहिले. गप्प राहणं हेही उत्तरच होतं, हे मला फोन ठेवल्यावर कळलं.

त्या दिवशी मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, पेशंटला तू स्वतः सांग. मी दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवला. शेवटी रविवारी काकूंसोबत त्यांच्या डॉक्टरांकडे जायचं ठरवलं. आमच्या कामात हे बसत नाही. पण काकूंचे गुडघे दुखतात, भाच्याला यातलं काही कळू द्यायचं नव्हतं, आणि माझं घर चुनाभट्टीला आहे. वाटेत सांगू, असं मनाशी घोकत गेले.

डॉक्टर ऐंशीच्या पुढचे. दवाखाना बंद, ते वरच्या मजल्यावर राहतात. खाली दवाखान्याच्या भिंतीवर माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर एक करडी रेघ होती. त्यांनी ती मुद्दाम पुसू दिलेली नाही. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी या गल्लीतून वाहिली. सत्तावीस वर्षांची कार्डं, प्रत्येक कुटुंबाचं एक, लाकडी खणांत लावलेली. "चिखलाचे गठ्ठे झाले," डॉक्टर म्हणाले. "महापालिकेच्या गाडीत फावड्याने भरले." हे सांगताना त्यांनी बोटांनी फावडं धरल्यासारखं केलं.

पण काकूंना त्यांनी ओळखलं, नावानिशी. चार औषधं, स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं, नंतर दोन गोळ्या, एकूण नऊ महिने, एकही दिवस चुकवला नाही. सगळं काकूंनी मला सांगितलं होतं तसंच. मग त्यांनी विचारलं, "मुलगी कशी आहे? गावाला पाठवली होती ना आपण?"

काकू म्हणाल्या, "अमेरिकेत असते."

"मीच सांगितलं होतं पाठवायला," डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले. "आज सांगितलं नसतं. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत लागण होण्याचा धोका उतरतो. पण तेव्हा एका खोलीत पाच माणसं झोपत होती, आणि मला भीती वाटली."

त्यांनी टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. इंग्रजीत, सुवाच्य. नोंदी पुरात नष्ट झाल्या आहेत, खालील माहिती आठवणीतून देत आहे. 'आठवणीतून' या शब्दाखाली रेघ मारली. खाली सही, रजिस्ट्रेशन नंबर, आजची तारीख. माझ्या आजवरच्या नोकरीतलं ते सर्वांत खरं सर्टिफिकेट. एकही गोष्ट ताणून लिहिलेली नाही, एकही झाकलेली नाही.

जिना उतरताना मी बोलले. "काकू, मेल माझ्याकडून गेला. मी बघायला हवं होतं. चूक माझी आहे."

त्या कठड्याला धरून थांबल्या. "मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं की तिला नको कळवू." एवढंच. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "तिच्या लग्नाच्या वेळी बोलता येत नव्हतं. नंतर मग राहूनच गेलं."

पुढच्या मंगळवारी त्या थुंकी द्यायला आल्या. हे काम मी दुसऱ्या कोणाला देत नाही. लोक डबीत लाळ टाकतात आणि मग आठ आठवडे वाया जातात. काही न खाता यायचं, साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास घेऊन रोखायचा आणि पोटातून खोकायचं. लाळ नको, बेडका हवा, घट्ट. काकूंना पहिल्या दिवशी पाऊण तास लागला, तिसऱ्या दिवशी दहा मिनिटं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी साडीच्या खोक्यातून एक फिल्म काढली. ९४ चा एक्स-रे! वर्तमानपत्रात गुंडाळलेला, इतकी वर्षं कपाटात साड्यांच्या खाली. मला इतका आनंद झाला की मी तिथेच उजेडाकडे धरली, आणि पाहिलं तर खालचा कोपरा चौकोनी कापलेला. नाव, तारीख, नंबर ज्या कोपऱ्यात असतात तोच.

"ग्रहणाला," काकू म्हणाल्या. "त्या दिवाळीत नाही का झालं. गावाहून आली होती परत. सगळी पोरं एक्स-रेतून बघत होती, हिने कपाटातून काढून कापला. मी ओरडलेसुद्धा नाही. ओरडले असते तर विचारलं असतं, कोणाचा आहे म्हणून."

२४ ऑक्टोबर १९९५. माझ्याही हातात त्या सकाळी असाच एक काळा तुकडा होता. डोळ्यांना तो धोक्याचा असतो, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

नाव नसलेली फिल्म पुरावा म्हणून चालत नाही. तरी मी ती आमच्या रेडिओलॉजिस्टना दाखवली. त्यांनी ती लाइट बॉक्सवर लावली, शेजारी स्क्रीनवर नवा एक्स-रे उघडला, आणि बराच वेळ व्रणाकडे पाहिलंच नाही. फासळ्या मोजत होते. मग बोट ठेवलं. डाव्या बाजूची चौथी फासळी पुढे जाऊन दोन फाटे फुटलेली, जुन्यात आणि नव्यात, त्याच ठिकाणी, तशीच. हे जन्मापासूनचं असतं आणि थोड्याच लोकांत असतं. "बाई त्याच आहेत," ते म्हणाले. त्यानंतर व्रण पाहिला. जुन्या फिल्मवर तिथे मोठा पांढरा डाग होता, नव्यात फक्त ते धागे. त्यांनी तसं लिहिलं: फिल्मवर नाव नाही, पण हाडांची रचना जुळते. मॅडमनी डॉक्टरांच्या पत्रासोबत ते फाइलला लावलं.

थुंकीत काही सापडलं नाही. आठ आठवड्यांनी कल्चरही निगेटिव्ह. रिपोर्ट कॉन्सुलेटला गेला.

आता मी नोंदणीच्या वेळीच प्रत्येकाला विचारते, हा इमेल कोण वाचतं? टीबी, एचआयव्ही, गर्भपात, मानसिक आजाराचे उपचार, यातलं काही असेल तर मेल नाही, माणसाला फोन. व्यवस्थापनाला लिहून दिलंय की फॉर्मवर पेशंटच्या स्वतःच्या नंबराचा वेगळा रकाना हवा. दोनदा लिहिलंय. रकाना अजून एकच आहे. आणि मला राहून राहून वाटतं, मेल गेलाच नसता तर त्या दोघी न्यू जर्सीच्या एका घरात राहिल्या असत्या आणि गुहागरचं ते वर्ष तसंच मध्ये राहिलं असतं. पण ते काढायचं की नाही, हे ठरवणारी मी कोण होते?

व्हिसा मिळाल्यावर काकू एकदा येऊन गेल्या. पेढे आणले होते. फिल्म परत मागितली. आमच्याकडे जुन्या फिल्म लोक विसरून जातात, मागायला कोणी येत नाही, म्हणून मी जरा थांबले.

"तिने आण म्हणून सांगितलंय," काकू म्हणाल्या.

मुलीशी काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बॅगेत दुमडू नये म्हणून मी फिल्मच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठे लावले, चारी कडांना चिकटपट्टी मारली, आणि वर काकूंचं नाव लिहिलं.