चांगल्या डिबरिंगने घालवलेला लॉट

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिकचं काम करणाऱ्यांना नवीन नाही: स्पूल व्हॉल्व्ह (बॉडीच्या भोकात, म्हणजे बोअरमध्ये, सरकणाऱ्या स्पूल नावाच्या दांड्याने तेलाची वाट उघडणारा-अडवणारा) टेस्ट बेंचवर गळला की सगळे आधी भोकाचा व्यास मोजणारं बोअर गेज शोधतात. गळती म्हणजे क्लिअरन्स, हे डोक्यात पक्कं. त्यात तथ्य आहेच, कारण स्पूल आणि बोअरमधला गाळा दुप्पट झाला तर गळती आठपट होते. पण या लॉटमध्ये बोअर बरोबर होता, स्पूलचा व्यास बरोबर होता, गाळा ड्रॉइंगप्रमाणे 8 ते 10 मायक्रॉन. तरी व्हॉल्व्ह न्यूट्रलला, म्हणजे मधल्या बंद स्थितीत, ठेवून सिलिंडरवर लोड दिला की लोड हळूहळू खाली येत होता.

स्पूल बाहेर काढून 10 पटीच्या भिंगाखाली धरला तेव्हा कळलं. प्रत्येक लँडच्या, म्हणजे स्पूलवरच्या तेल अडवणाऱ्या जाड भागाच्या, कडेला चॅम्फर होता, म्हणजे धार तिरकी मोडलेली. एकसारखा, स्वच्छ, कुठे चॅटरची, म्हणजे टूल थरथरल्याची, खूण नाही. एखाद्या बुशिंगवर असं काम दिसलं असतं तर कौतुकच केलं असतं.

न्यूट्रलला लँडची कड बॉडीतल्या पोर्टच्या कडेवरून थोडी पुढे गेलेली असते. या स्पूलला हा ओव्हरलॅप 0.30 मिमी. तेल अडतं ते एवढ्याच लांबीत. लँडवर 0.25 चा चॅम्फर आला की अडवायला उरतात 0.05, आणि लांबी सहावा हिस्सा झाली की गळती साधारण सहापट. म्हणून स्पूलची ही तेल सोडणारी-अडवणारी कड, मीटरिंग एज, टोकदारच लागते. बाकी सगळीकडे धार मोडा, तिथे नाही.

डिबरिंगचं, म्हणजे मशीनवर कापल्यावर कडेला राहणारी धातूची झालर (बर) काढायचं, काम केलं होतं खानापूरकडच्या एका आयटीआय झालेल्या पोराने. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात टीप होती: सर्व धारा 0.2 ते 0.4 मोडा. त्याने 0.4 धरले. स्पूल तेव्हा मऊ होता, टर्निंगनंतरचा. पुढे हीट ट्रीटमेंट, मग ग्राइंडिंगमध्ये व्यासावर 0.3, म्हणजे एका बाजूने 0.15 गेले. 45 अंशाच्या चॅम्फरचे 0.4 मधून 0.15 गेले, राहिले 0.25. त्याने 0.2 धरले असते तर 0.05 राहिले असते, आणि लॉट कदाचित निघालाही असता. टीप चुकीचीच राहिली असती, फक्त कुणाला कळलं नसतं.

विचारल्यावर तो एवढंच म्हणाला, “सर, ड्रॉइंगवर लिहिलंय की.”

हात मात्र त्याचा खरोखर बसलेला आहे. डिबरिंग टूल म्हणजे हँडल आणि त्यात सैल फिरणारं हाय स्पीड स्टीलचं वाकडं ब्लेड. ते सैल असतं म्हणूनच कडेच्या वळणाबरोबर आपोआप वळतं. नवीन माणूस हँडल मुठीत आवळून कानशीसारखं रेटतो, मग ब्लेड रुततं, थरथरतं आणि कडेवर लाटा उमटतात. हँडल बोटांत पेनासारखं धरायचं, थोडं कलतं ठेवायचं, आणि दाब इतकाच की ब्लेडने कड सोडू नये. स्टीलमध्ये छिलका अखंड, केसासारखा वळत निघाला पाहिजे. तुकडे पडायला लागले की ब्लेड बोथट झालंय. बोथट ब्लेड बर कापत नाही, पलीकडच्या बाजूला दुमडतं, आणि तीच दुमडलेली पापडी पुढे गरम तेलात सुटून स्पूल जॅम करते. बीडाच्या (कास्ट आयर्नच्या) बॉडीला हे ब्लेड वापरू नये. बीड आणि पितळेसाठी दोन्ही दिशांना कापणारं वेगळं ब्लेड येतं. बीडात छिलका पाहून काही कळत नाही, तिथे भुकटीच पडते; हाताला करकर लागली की ब्लेड बदलायचं. एका ब्लेडची किंमत ती काय, पण स्टोअरवाला जुनं ब्लेड दाखवल्याशिवाय नवीन देत नाही आणि दाखवलं तरी “अजून चालतंय की” म्हणतो.

टोकदार कड हवी म्हणजे तिथे बर चालते असंही नाही. ग्राइंडिंग व्हील लँडच्या कडेवर बारीक झालर सोडतंच. तेव्हा स्पूल 58 ते 60 एचआरसी इतका कडक असतो, त्याच्यावर हाताचं ब्लेड नुसतं घसरतं. तिथे बारीक ऑइल स्टोन लागतो, तोही व्यासावर सपाट टेकवून, कडेला तिरका न धरता. मग कापसाचा बोळा कडेवरून फिरवायचा. धागा अडकला तर झालर आहे. बोटाने बघू नये, बोट कापतं आणि तेवढी बर लागतही नाही. हाताचं टूल हवं ते नॉचच्या, म्हणजे खाचांच्या, मिलिंगनंतर आणि तेलाच्या भोकांना. तिथली बर सर्वांत वाईट, आणि नेमकी तिथेच घाई होते.

ड्रॉइंग पाठवणाऱ्या डिझाइन ऑफिसमध्ये ही टीप टायटल ब्लॉकबरोबर तयारच येत असणार. फ्लँज असो, ब्रॅकेट असो की स्पूल, टीप तीच. ड्रॉइंगवर कडा कशा दाखवायच्या याचं मानक, आयएसओ 13715, त्यात प्रत्येक कडेला वेगळं चिन्ह देता येतं: इथे किती मोडायची, इथे टोकदार ठेवायची. मीटरिंग एजेसना ते चिन्ह लावायला दहा मिनिटं पुरतात. आमच्याकडेही इन्स्पेक्शन प्लॅनमध्ये व्यास, गोलाई, फिनिश सगळं होतं, फक्त लँडच्या कडेचा रकाना नव्हता. ज्या कडेवर सगळा व्हॉल्व्ह चालतो तीच कुणी बघायची नाही.

बाकावरचे जुने लोक ती टीप वाचूनही लँडला हात लावत नाहीत. त्यांच्यातल्या अण्णांना विचारलं तर म्हणाले, “स्पूलला कोण लावतंय ब्लेड!” हे त्यांना माहीत आहे, पण कुठे लिहिलेलं नाही. नवीन माणसाला ते कुणी सांगायचं, हेही ठरलेलं नाही.

आता स्पूलच्या ड्रॉइंगच्या शॉप कॉपीवर मीटरिंग एजेस लाल पेन्सिलीने रंगवून मगच ती बाकावर जाते. रिजेक्शन नोटवर मात्र कारणाच्या रकान्यात ‘ऑपरेटरची चूक’ असंच छापून आलं. ते बदलायला अर्ज दिलाय. ग्राहकाकडून आलेल्या पुढच्या ड्रॉइंगवर टीप तशीच आहे.