होम नाही, दांड्या आहेत

परवा दुपारी सोसायटीतल्या पेरूच्या फांद्या छाटल्या, केबलच्या वायरींना लागत होत्या म्हणे. मी जेवून सहज खाली उतरलो होतो. ढीग दिसला आणि पाय आपोआप तिकडे वळले. वाकून एकेका डहाळीला करंगळी लावून बघ, अंगठा लावून बघ, वाकडी असली तर बाजूला काढून ठेव, असं चाललं होतं, तेवढ्यात वॉचमनकाकांनी विचारलं, "साहेब, होम आहे का घरी?" म्हटलं, नाही ओ, पक्ष्यांसाठी दांड्या. त्यांनी मान डोलावली, पण पटलं नसावं, कारण संध्याकाळी खालच्या जोशीकाकूंनी बायकोला विचारलं की शांत कसली करताय आणि आम्हाला आमंत्रण का नाही.

आमच्याकडे दोन बजी आहेत, म्हणजे बजरीगार, ते पिंजऱ्यात पाळतात ते चिमुकले पोपट. भाची जर्मनीला शिकायला गेली तेव्हा पिंजऱ्यासकट आमच्याकडे आले, "मामा, सहा महिने फक्त" या बोलीवर, आता भाचीला तिकडे नोकरी लागली. एक हिरवा-पिवळा, एक निळी. पिंजऱ्यासोबत त्या दोन प्लास्टिकच्या दांड्या होत्या, सगळ्या पिंजऱ्यांत असतात तसल्या, सरळसोट, गुळगुळीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच जाडी. माझा राग या दांडीवर आहे. आपण दमलो की पाठ टेकतो, लोळतो, पक्षी बिचारा झोपतो तेही पायावरच, आणि बऱ्याचदा एकाच. दांडीची जाडी सगळीकडे तीच असली की तळव्याच्या त्याच त्या ठिकाणी रात्रंदिवस भार येतो. एकच कडक चप्पल घालून आयुष्य काढायचं, झोपायचं पण त्यातच, असलं ते प्रकरण आहे. आधी तळवा लाल होतो, चकाकायला लागतो, मग सूज, मग जखम. बंबलफूट म्हणतात त्याला डॉक्टर लोक.

म्हणून मग डहाळ्या. पोपटाच्या जातीची दोन बोटं पुढे, दोन मागे. ती दांडीभोवती साधारण पाऊण वळसा घेतील इतपत जाडी हवी. नखं पलीकडून एकमेकांना भिडली तर दांडी बारीक, पंजा नुसताच वर पसरून राहिला तर जाड. बजीला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर पुरतं, पण गंमत अशी की एकच माप शोधायचंच नसतं, एका टोकाला बारीक, मध्ये गाठ, पुढे जाड, असली वेडीवाकडी फांदीच उत्तम, पाय दर वेळी वेगळा पडतो. पेरू चांगला, तुती चांगली, कडुलिंब चालतो. शेवगा ठिसूळ. कण्हेर दिसायला कितीही सरळ आणि सुंदर असली तरी हात लावायचा नाही, पानापासून सालीपर्यंत सगळी विषारी. रस्त्याकडेची किंवा औषध फवारलेली फांदी नको. आणली की घासून धुवायची आणि उन्हात खडखडीत वाळवायची, यावरून आमच्या घरी कुरबुर होते कारण गॅलरीतलं ऊन एकच आणि आईचे सांडगे पण तिथेच असतात.

दुकानात गेलं की ते दांडीवर चढवायचे सॅंडपेपरचे कव्हर गळ्यात मारतात. नखं घासली जातात म्हणे. अरे, नखं दांडीच्या पुढे हवेत असतात, घासला जातो तो तळवा! सिमेंटची खडबडीत दांडी मिळते ती एखादी ठीक आहे नखांसाठी, पण ती बाजूला कुठेतरी, रात्री झोपायच्या जागी नाही. हे मी दुकानदाराला सांगायला गेलो, तो म्हणाला सर तुम्हाला झोका दाखवू का.

आमचे मेव्हणे इंजिनिअर आहेत. ते म्हणाले, विजेच्या तारेवर बसतात की पक्षी, तिची जाडी कुठे बदलते? मुद्दा बिनतोड वाटला, दोन दिवस डोक्यात घोळला. मग लक्षात आलं, तारेवर ते किती वेळ बसतात, जरा वेळ बसले, चिवचिवले, उडाले. बजी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखातला, पाऊस पडेल आणि गवताचं बी मिळेल तिकडे थवेच्या थवे फिरणारा. जॉन गूल्ड नावाच्या माणसाने 1840 मध्ये जिवंत बजी इंग्लंडला आणले, तेव्हापासून तो पिंजऱ्यात. निळा रंगसुद्धा पिंजऱ्यातलाच, रानात थवे हिरवे. आज या फांदीवर उद्या त्या, असं जगणाऱ्याला आपण एक वीत प्लास्टिक दिलं.

आजोळी, सांगलीला, शेजारच्या मामींकडे राघू होता. आपला साधा हिरवा, गळ्याला लाल पट्टा. लोखंडी घुमटाचा पिंजरा, मध्ये टांगलेली लोखंडी कडी, बस एवढंच. भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि मिरची खायचा, दारात कोणी आलं की "कोण आहे, कोण आहे" ओरडायचा, पोस्टमन खरंच नाव सांगायचा. तेव्हा सर्रास पाळायचे, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा कागदावर असेल पण आमच्या गल्लीत कोणाला माहीत होता, आज देशी पोपट घरात ठेवणं गुन्हा आहे आणि तेच बरं. तर तो राघू त्या कडीवर एक पाय उचलायचा, टेकवायचा, दुसरा उचलायचा, टेकवायचा. आम्ही सुट्टीला आलेली सगळी भावंडं टाळ्या वाजवायचो, राघू नाचला, राघू नाचला. मामी कौतुकाने म्हणायच्या, पोरं आली की याला चेव येतो. परवा त्या ढिगापाशी वाकलेलो असताना का कोण जाणे ते सगळं आठवलं, आणि ते नाचणं नसेल असं पहिल्यांदाच मनात आलं. भर मे महिन्यात तापलेलं लोखंड ते. मामी आता नाहीत, विचारायचं तरी कोणाला.

असो. पेरूच्या दांड्या लागल्या. पाणी-दाण्याच्या वाटीवर दांडी यायला नको, नाहीतर शिटतात त्यातच. जाळीच्या फार जवळ नको, शेपूट घासतं. सगळ्यात वरच्या दांडीवर रात्री दोघांनाही झोपायचं असतं आणि एक टोक जरा उंच झालं की त्या टोकासाठी मारामारी, निळी जिंकते, म्हणून लेव्हल बघून लावावी लागते, मेव्हण्यांनी मोबाईलमधल्या ॲपने लावून दिली, इंजिनिअर कामाला आला. पण साल सोलून सोलून आठवड्यात डहाळीची पार काडी करतात, आणि पावसाळ्यात नव्या वाळत नाहीत, बुरशी धरते. म्हणजे जून लागायच्या आत साठा करायला हवा. मागच्या पार्किंगमधल्या तुतीवर माझा डोळा आहे, हव्या त्या जाडीच्या फांद्या आहेत तिला, पण ती बी विंगच्या हद्दीत येते आणि त्यांच्या सेक्रेटरीशी आमचं टँकरच्या पैशावरून बोलणं बंद आहे. आईला पाठवावं म्हणतो, सांडगे घेऊन.