जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या व्हर्जन ८ वरून १७ वर जाताना आमच्या टीमला काय काय करावं लागलं – माझा अनुभव

डिसेंबर २०२१ मधलं लॉगफोरजेचं (जावा प्रोग्रॅमच्या नोंदी, म्हणजे लॉग, लिहिणारी लायब्ररी) प्रकरण ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. धोक्याच्या मोजणीत १० पैकी १० स्कोअरचं सुरक्षेतलं भगदाड, आणि पॅच टाकला २.१५.० चा तर त्यातही प्रॉब्लेम निघाला म्हणून २.१६.०, मग २.१७.० आणि महिना संपायच्या आत २.१७.१. आमच्या टीमकडे तेव्हा बावीस सर्व्हिसेस (स्वतंत्र चालणारे प्रोग्रॅम) होत्या, सगळ्या जावा ८ वर, आणि कुठल्या सर्व्हिसमध्ये लॉगफोरजेचं कुठलं व्हर्जन आहे हे एकालाही छातीठोकपणे सांगता येईना, कारण आम्ही ते थेट कुठे घेतलंच नव्हतं, दुसऱ्या कुठल्यातरी लायब्ररीच्या पोटातून ते आलं होतं. मेव्हन या बिल्ड टूलमधून डिपेंडन्सी ट्री (कुठली लायब्ररी कुठल्या लायब्ररीतून येते त्याची यादी) काढून एकेक ओळ वाचत बसलो. तिघांचे जवळजवळ दोन आठवडे त्यात गेले. मी टीम लीड होतो आणि त्या दोन आठवड्यांत मला एक गोष्ट नीट दिसली, की आमची पोरं हुशार आहेत, कामसू आहेत, पण चार-पाच वर्षांत आम्ही फक्त फीचर्स टाकत गेलो आणि खालची जमीन बघायला कुणाला वेळच दिला नाही.

पहिला प्रयत्न सगळे करतात तोच केला, ऑनलाइन कोर्स. सगळ्यांना सबस्क्रिप्शन दिलं, लोकांनी व्हिडिओ बघितले, सर्टिफिकेटं आली आणि कोडमध्ये एक ओळ बदलली नाही. दोष लोकांचा नव्हताच. कोर्समध्ये नवीन प्रोजेक्ट असतो आणि आपल्याकडे आठ वर्षांचा जुना कोड, त्या दोन्हींमधला रस्ता कुठलाच कोर्स दाखवत नाही.

मग ऑगस्ट २०२२ पासून बुधवारचे दोन तास बाजूला काढले. मॅनेजर आधी तयार नव्हते, फीचर मागे पडतील म्हणाले, आणि ते त्यांच्या जागी बरोबरच होते. त्यांच्यासमोर लॉगफोरजेचे ते दोन आठवडे आणि कुठल्या गोष्टीचा सपोर्ट कधी संपतोय त्या तारखा मांडल्या. जावाचं नवीन व्हर्जन २०१७ पासून दर सहा महिन्यांनी येतंय, १७ हे सप्टेंबर २०२१ मध्ये आलेलं एलटीएस (जास्त वर्षं सपोर्ट मिळणारं व्हर्जन), आम्ही मार्च २०१४ च्या ८ वर बसलेलो, आणि स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कच्या २.७ व्हर्जनचा मोफत सपोर्ट नोव्हेंबर २०२३ ला संपणार होता, त्यापुढच्या ३ ला किमान जावा १७ लागणारच. तारखा बघितल्यावर ते हो म्हणाले.

बुधवारी नियम एकच, एकाने एक रिलीज नोट वाचून यायची आणि दहा मिनिटांत सांगायचं की यातलं आपल्याला काय लागू पडतं. बाकी वेळ हातात कोड. सुरुवात सगळ्यात छोट्या सर्व्हिसने केली, जी पडली तरी कुणाचं अडणार नाही. ११ वर गेल्यागेल्या जॅक्सबी (एक्सएमएल वाचायची-लिहायची लायब्ररी) गायब, कारण ते जेडीकेतूनच (जावाच्या मूळ संचातूनच) काढलंय, ते वेगळी डिपेंडन्सी म्हणून घातलं. १७ वर रिफ्लेक्शनवाल्या (दुसऱ्या कोडच्या आत डोकावणाऱ्या) जुन्या लायब्ररींनी एरर द्यायला सुरुवात केली, तिथे ॲड-ओपन्सचा फ्लॅग (ते डोकावणं चालू देणारी सेटिंग) लावून वेळ मारून नेता येते, पण आम्ही प्रत्येक फ्लॅगशेजारी तो कधी काढायचा ते लिहून ठेवलं. नंतर स्प्रिंग बूट ३ साठी पॅकेजच्या नावांत जावाएक्स चं जकार्ता करायचं होतं, एका मुलाने सरसकट फाइंड-रिप्लेस मारला आणि अख्खं बिल्ड लाल, म्हणजे फेल. कारण सर्व्हलेट, पर्सिस्टन्स, व्हॅलिडेशन हे जकार्तात गेलेत पण जावाएक्स डॉट एसक्यूएल जेडीकेचाच भाग आहे, तो आहे तिथेच राहतो. त्या दिवशी ते सगळ्यांच्या कायमचं डोक्यात बसलं, व्हिडिओतून बसलं नसतं. एआय असिस्टंट आम्हीही वापरतो, एरर समजून घ्यायला खूप उपयोगी पडतो, पण जावाएक्स आणि जकार्ता एकाच फाइलमध्ये मिसळून देताना मी त्याला स्वतः बघितलंय, त्यामुळे बिल्ड आणि टेस्ट चालवल्याशिवाय काहीच घ्यायचं नाही.

आता खरं सांगायचंय ते. आमच्यात एक मॅडम आहेत, सगळ्यात सीनियर, निम्मी सिस्टिम त्यांनी लिहिलेली. बुधवारी त्या गप्प बसायच्या. मला वाटलं त्यांना यात रस नाही. एकदा निवांत बोललो तेव्हा म्हणाल्या, "पोरं सगळं पटापट बोलतात, मला साधं रेकॉर्ड म्हणजे काय विचारायचं असतं, पण या वयात विचारायची लाज वाटते." (रेकॉर्ड म्हणजे जावात नव्याने आलेला, नुसता डेटा धरून ठेवणारा क्लास.) मला फार वाईट वाटलं, कारण हे मला आधी दिसायला हवं होतं. तेव्हापासून सगळ्यात प्राथमिक प्रश्न मीच सगळ्यांसमोर विचारायला लागलो, आणि मॅडमची जोडी सगळ्यात नवीन मुलीशी लावली. ती नवीन सिंटॅक्स दाखवायची, मॅडम सांगायच्या हा कोड असा का आहे.

१ सप्टेंबर २०२३ ला सकाळी एका सर्व्हिसमध्ये फाइल इम्पोर्ट बंद पडलं. जूनपासून ती १७ वर नीट चालत होती, टेस्ट सगळ्या हिरव्या. लॉगमध्ये एवढंच, तारीख पार्स झाली नाही (वाचता आली नाही), इंडेक्स ३ (जिथे अडलं ती जागा). आम्ही नेटवर्क बघतोय, फाइलचं एन्कोडिंग बघतोय. मॅडम आल्या, लॉग वाचला आणि म्हणाल्या, "हा पार्सर माझा आहे, क्लायंटमुळे लोकेल यूके दिलं होतं, महिन्याचं नाव बघा." आणि तेच निघालं. जावा १६ पासून लोकेलचा (देश-भाषेनुसार तारखा, महिन्यांची नावं कशी लिहायची त्याचा) डेटा बदललाय, यूके इंग्लिशमध्ये सप्टेंबरचं छोटं रूप तीन अक्षरी ‘सेप’ न राहता चार अक्षरी ‘सेप्ट’ झालं, फाइलमध्ये मात्र तीनच अक्षरं. आमच्या सगळ्या टेस्टमध्ये तारीख जूनची! लोकेल नुसतं इंग्लिश केलं, बारा महिन्यांची टेस्ट घातली, ती टेस्ट मॅडमच्या जोडीदार मुलीने लिहिली.

शेवटची, बावीसावी सर्व्हिस ऑक्टोबर २०२३ मध्ये १७ वर गेली, म्हणजे एकूण चौदा महिने लागले. पुढच्या वर्षी २१ वर गेलो तेव्हा सगळं मिळून तीन आठवडे लागले, बुधवार अजून चालू आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये २५ आलं, तेही एलटीएस, त्याच्या नोट्स वाचायची पाळी मॅडमनी स्वतःहून मागून घेतली, आणि आल्या तेव्हा हातात लोकेलच्या बदलांचं पान आधीच प्रिंट काढलेलं होतं.