टॅब, टिंब आणि तडजोड

मेगाब्लॉकचा रविवार, म्हणून घरीच गोफरचा (मेन्यूंतून फाइली देणारा जुना इंटरनेट प्रोटोकॉल) सर्व्हर उभा केला. नेटकॅटने (नेटवर्कवर थेट ओळी पाठवणारं साधन) पोर्ट 70 ला जोडून रिकामी ओळ पाठवली की मेन्यू हातात. ओळीतलं पहिलं चिन्ह प्रकार सांगतं: 0 म्हणजे मजकूर, 1 म्हणजे उपमेन्यू. लगेच नाव, मग सिलेक्टर (सर्व्हरवरचा फाइलचा पत्ता), होस्ट (सर्व्हरचं नाव), पोर्ट. मध्ये टॅबच हवा. एडिटरने गुपचूप टॅबच्या चार स्पेस केल्या की मेन्यू कोलमडतो, आणि डोळ्यांना फरक दिसतही नाही. लिनक्सवर 1024 खालच्या पोर्टला सहसा रूटचे (मुख्य प्रशासकाचे) अधिकार लागतात. सर्व्हर 7070 वर चालवा आणि 70 तिकडे वळवा. (ब्रॉडबँड सीजीनॅटमागे, म्हणजे अनेक ग्राहकांत वाटलेल्या एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे, असेल तर बाहेरून कोणी पोचणारच नाही.)

जेमिनीत, म्हणजे गोफरच्या धर्तीवरच्या नव्या प्रोटोकॉलमध्ये, पोर्ट 1965, टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) सक्तीचं, यूआरएल कमाल 1024 बाइट. फाइलला देवनागरी नाव नको: एन्कोड झाल्यावर एकेक चिन्ह 9 बाइट खातं, शंभरेक चिन्हांत मर्यादा संपली!

शेजारी टीव्हीवर युती-आघाडीचं गुऱ्हाळ. 1985 च्या दहाव्या अनुसूचीत (राज्यघटनेतला पक्षांतरबंदी कायदा) पक्षातल्या एक तृतीयांश फुटीला मुभा होती; 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने ती काढली, दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची मात्र ठेवली. तडजोडीशिवाय सरकार चालत नाही, मान्य. पण किमान समान कार्यक्रमातलं कलम कधी गळालं, हे मतदाराला कळतच नाही. काळजी त्याची वाटते.

उद्या अनुसूचीचा मजकूर गोफरवर चढवायचाय. मजकूर संपल्याची खूण म्हणून शेवटच्या ओळीत एकटा टिंब विसरायचा नाही.