परदेशातील मुलांसमोर उभे राहण्याआधी : माझा अनुभव

आमच्या मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, नऊ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना परदेशातील मुलांच्या शिबिरात येशूची सुवार्ता सांगण्यासाठी तयार करण्याची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा पंधरा वर्षे संडे स्कूल, म्हणजे चर्चमधला मुलांचा रविवारचा वर्ग, शिकवलेल्या मला हे काम हातचे वाटले होते. तीन महिन्यांपैकी पहिला पासपोर्ट, व्हिसा, लसी आणि विमा यांतच गेला. खरी अडचण पहिल्या सरावात उघडी पडली.

एका विद्यार्थिनीने मोठ्या तळमळीने 'येशूला हृदयात घ्या' असे सांगितले आणि समोर बसवलेल्या सहा वर्षांच्या मुलीने विचारले, "तो मावेल कसा?" बाकीचे हसले, मला मात्र घाम फुटला, कारण हे वाक्य मीच वर्षानुवर्षे वापरत आलो होतो. त्या संध्याकाळी आम्ही तारण, कृपा, पश्चात्ताप असे नेहमीचे शब्द फळ्यावर लिहिले आणि ते न वापरता तोच अर्थ सांगून पाहिला. 'कृपा' या एका शब्दावर पाऊण तास गेला.

प्रत्येक रंगातून सुवार्तेचा एक भाग सांगणाऱ्या, रंगीत पानांच्या, अक्षरे नसलेल्या पुस्तकावर माझी फार भिस्त होती. इंग्लंडमधील धर्मोपदेशक चार्ल्स स्पर्जन यांनी १८६६ साली काळा, लाल आणि पांढरा या तीन रंगांवर प्रवचन केले, पुढे १८७५ मध्ये अमेरिकन धर्मोपदेशक ड्वाइट मूडी यांनी त्यांत सोनेरी रंगाची भर घातली, आणि भाषेची अडचण असलेल्या ठिकाणी हे साधन आजही हाताशी धरले जाते. पण काळे पान उघडून मी 'हे पाप' म्हणताच एक विद्यार्थी शांतपणे म्हणाला, "सर, तिथली मुले माझ्याहूनही काळी असतील. त्यांना हे कसे ऐकू येईल?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते पान आम्ही काढून टाकले आणि देवाने प्रत्येकाला घडवले, येथून सुरुवात केली. हे मला इतक्या वर्षांत सुचले नव्हते, याची आजही लाज वाटते.

दुभाष्याबरोबर बोलणे हा वेगळाच अभ्यास ठरला. दहा मिनिटांची गोष्ट वीस मिनिटे घेते, हे सर्वांना पटले. परंतु 'मेंढपाळाने नव्याण्णव मेंढरे रानात सोडली आणि...' असे अर्ध्यावर थांबले, तर ज्या भाषेत क्रियापदाची जागा वेगळी असते तिचा दुभाषी अडकून पडतो, हे करून पाहिल्यावरच कळले. मग एका वाक्यात एकच घटना सांगायची, असे ठरवले.

सर्वांत मोठा वाद हात वर करण्यावरून झाला. 'येशू कोणाला हवा?' असे विचारून वर आलेले हात मोजण्याची कल्पना काहींना फार आवडली होती. मी आमच्याच वर्गात ते करून दाखवले, हात वर करणाऱ्या एका मुलाला कारण विचारले, तर तो म्हणाला, "सगळ्यांनी केला म्हणून." १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातील चौदावे कलम मुलाचे विचार, सदसद्विवेक आणि धर्म यांचे स्वातंत्र्य मान्य करते, तसेच त्याला मार्गदर्शन करण्याचा पालकांचा हक्कही मान्य करते. म्हणून पालकांच्या संमतीशिवाय मूल शिबिरात घ्यायचे नाही, गोष्टीच्या शेवटी खाऊ वाटायचा नाही, मुलाबरोबर एकट्याने थांबायचे नाही आणि कोणाचाही फोटो परस्पर पाठवायचा नाही, असे आम्ही लिहून काढले. तेथील कायदा काय सांगतो, हे यजमान मंडळीकडून लेखी मागवले.

"मग आपण जायचे तरी कशाला?" असे एकाने चिडून विचारले. त्याचा राग मला खोटा वाटला नाही. मी त्याला बायबलमधील पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय वाचायला दिला. तेथे आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सिद्ध असा, पण ते सौम्यतेने द्या, असे सांगितले आहे.

शेवटच्या सरावात हरवलेल्या मेंढराची गोष्ट त्यानेच सांगितली. ती संपल्यावर त्याच सहा वर्षांच्या मुलीने विचारले, "ते पुन्हा पळाले तर?" तो उत्तर द्यायला तोंड उघडणार, इतक्यात थांबला, तिच्यासमोर खाली बसला आणि म्हणाला, "तुला काय वाटते?"