न खेळलेला चौथा बोर्ड

मे महिना, मामाचं गाव आणि लोडशेडिंगचे दिवस. मी आणि मामेभाऊ, त्याला मी दादा म्हणते, कॅरम खेळत होतो आणि त्या दिवशी पहिल्यांदाच पैसे लावले होते, प्रत्येकी २० रुपये. जो आधी तीन बोर्ड मारेल त्याचे ४०. स्कोअर २-१, पुढे मी (हे दोनदा लिहावंसं वाटतंय, कारण असं फार वेळा झालं नाही). चौथ्या बोर्डाच्या सोंगट्या लावल्या, दादाने बोरिक पावडर टाकून स्ट्रायकर दोनदा घासून घेतला, बोट ताणलं आणि लाईट गेली.

बशीत मेणबत्ती लावून बघितली पण सोंगट्यांपेक्षा त्यांच्या सावल्याच मोठ्या, काळी कुठली आणि पांढरी कुठली यावरच भांडण. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी परत जाणार होते, म्हणजे उद्या खेळू हा पर्याय नाही. मग पैशाचं काय करायचं? दादा म्हणे डाव पुरा झालाच नाही, ज्याचे त्याला. मी म्हटलं वा रे वा, मी दोन जिंकले तू एक, तर तीनातले दोन हिस्से माझे, २६ रुपये आणि वर काय ते पैसे. आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला तशी आजी पदराला हात पुसत आली, निम्मे निम्मे घ्या आणि पानावर बसा म्हणाली, संपला विषय.

तिचा संपला. माझा पुढे कित्येक वर्षं चालू होता.

नंतर कधीतरी वाचनात आलं की याच भांडणावर युरोपात दीडशे वर्षं डोकेफोड चालली होती, तेव्हा जरा बरं वाटलं. १४९४ साली इटलीत पाचोलीने आपल्या गणिताच्या पुस्तकात माझंच म्हणणं मांडलंय, ज्याने जितके पॉइंट मिळवले त्या प्रमाणात बक्षीस वाटा. पुढे १५५६ मध्ये तार्तालिया या दुसऱ्या इटालियन गणितज्ञाने त्याला बरोबर पकडलं, की मग लांबलचक खेळ एकच पॉइंट होऊन थांबला तर १-० वाला सगळेच पैसे नेणार का? आणि स्वतःचा तोडगा देऊन वर असंही म्हणाला, की हा प्रश्न गणितापेक्षा कोर्टाचाच जास्त आहे, कसाही सोडवा, भांडायला जागा उरणारच. आमचं कोर्ट पदराला हात पुसत आलं होतं एवढंच.

खरी गंमत १६५४ सालची. पॅरिसमध्ये पास्कल, तुलूजमध्ये फर्मा, दोघंही फ्रेंच गणितज्ञ, एकमेकांना कधी भेटले नाहीत, सगळं पत्रांतून. २९ जुलैच्या पत्रात पास्कलने जे उदाहरण घेतलंय ते वाचून मी उडालेच, आधी तीन डाव जिंकायचे, स्कोअर २-१, प्रत्येकाने लावलेत ३२ पिस्तोल, म्हणजे तेव्हाची सोन्याची नाणी. आमचाच कॅरम, फक्त पैसेवाल्यांचा! तो म्हणतो, पुढचा डाव खेळला असता असं धरा. पुढे असलेला जिंकला तर सगळे ६४ त्याचे, हरला तर २-२, म्हणजे ३२ तरी कुठे जात नाहीत. तेवढे आधी त्याला देऊन टाका, उरलेल्या ३२ वर दोघांचा सारखाच चान्स, ते निम्मे करा. झाले ४८ आणि १६. तीनास एक.

म्हणजे ४० पैकी ३० माझे! मी कमीच मागत होते. आम्ही दोघं झालेल्या बोर्डांवर तावातावाने बोलत होतो आणि उत्तर होतं न झालेल्या बोर्डांत. क्रिकेटवाल्यांना हे कळायला १९९२च्या वर्ल्डकपची सेमीफायनल लागली, सिडनीला पाऊस पडला आणि दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ हवे होते ते १ चेंडूत २१ होऊन बसले. नंतर पावसाने अडलेल्या मॅचचं टार्गेट ठरवायला डकवर्थ-लुईस आलं, तेही किती ओव्हर आणि किती विकेट शिल्लक यावरच चालतं.

फर्माची रीत वेगळी, तो राहिलेले सगळे डाव मनातल्या मनात खेळूनच टाकतो. आमचे जास्तीत जास्त दोन बोर्ड राहिलेले, त्यांचे निकाल चार प्रकारे लागू शकतात, दादा जिंकतो तो फक्त एकात, दोन्ही त्याने मारले तर. हे मी दादाला फोनवर सांगितलं तर म्हणतो, चौथा तू मारलास तर पाचवा खेळेल कोण? रोबेर्वाल नावाच्या गणितज्ञाने पास्कलला हाच आक्षेप घेतला होता, तर दादाला उगाच चढवायला नको म्हणून ते सांगितलं नाही. (पाचवा खेळलात काय, नाही काय, निकाल तोच राहतो, म्हणून हिशोबापुरता धरायचा.)

मग तो शांतपणे म्हणाला, ते सारखाच चान्स कुठून आणलंस?

इथे माझी बोलती बंद. त्या सुट्टीभर कालनिर्णयच्या एप्रिलच्या पानामागे आम्ही हिशोब ठेवला होता, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, आणि दर दहा बोर्डांतले सात त्याचे असायचे. राणी तर मी कव्हरसकट घेतल्याचं फारसं आठवतच नाही. आता पास्कललाच विचारायचं तर दादाला लागोपाठ दोन बोर्ड हवेत, ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ०.४९. मोबाइलवर दोनदा करून बघितलं. दादाचे १९ रुपये ६० पैसे, माझे २० रुपये ४० पैसे.

आजीने तर तेव्हा स्कोअरसुद्धा विचारला नव्हता.

तरी मी दादाला मेसेज टाकला, तुझ्याकडे माझे ४० पैसे निघतात. त्याचं उत्तर आलं, आधी दुसऱ्या बोर्डात कोपराने ढकललेली सोंगटी परत ठेव.