तुम्ही विचारलंत म्हणून : मूळ डिफरन्शियल का काढलंत?

रविवारी सकाळी नागपुरात फुटाळा तलावाच्या काठावर गाडी उभी केली की पाचेक मिनिटांत कोणीतरी वाकून मागच्या चाकांमधून खाली बघतं आणि मग तो प्रश्न येतोच. "भाऊ, इतकी जुनी गाडी जपली तुम्ही, मंग मागचं डिफरन्शियल कामून बदललं? ओरिजिनल ठेवाचं होतं ना!" विचारणाऱ्याच्या आवाजात गाडीबद्दलची कळकळ असते. डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला, इंजिनाची ताकद चाकांकडे वळवणारा गियरचा डबा. चहा संपेपर्यंत जेवढं सांगता येतं तेवढं सांगतो, पण ते पुरत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं लिहून काढतो.

गाडी ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क 3, 1968 सालची. माझे मामा इंग्लंडमध्ये नोकरीला होते. परत येताना त्यांनी ती बोटीने मुंबईला आणि तिथून मालगाडीने नागपूरला आणली. स्पिटफायर 1962 साली लंडनच्या मोटार शोमध्ये पहिल्यांदा दिसली. तिचं रूप जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरचं, आणि 1980 पर्यंत ती बनत राहिली. आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकांना मात्र तिची ओळख दुसरीकडून पटते. पूर्वी मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड ही तिची थोरली बहीण. चासीची घडण, पुढचं सस्पेन्शन, मागचं डिफरन्शियल, सगळं हेराल्डच्याच घरातलं.

एका मे महिन्यात वर्ध्याहून येताना बुटीबोरीच्या अलीकडे रेडिएटरचा पाइप फुटला. आम्हाला कळेपर्यंत इंजिन इतकं तापलं होतं की ब्लॉकला तडा गेला. मूळ 1296 सीसीचं, 75 अश्वशक्तीचं इंजिन तेव्हा भारतात मिळणं शक्य नव्हतं. अपघातात गेलेल्या एका कॉन्टेसा क्लासिकचं 1817 सीसीचं इसुझू इंजिन आणि त्याचा पाच गियरचा बॉक्स मिळाला, तो बसवला. आरटीओची परवानगी घेतली, आरसीवर नोंद केली. त्या कामाबद्दल वेगळं कधीतरी लिहीन. इथे एवढंच महत्त्वाचं की मागच्या डिफरन्शियलला ज्या ताकदीची सवय होती, त्यापेक्षा बरीच जास्त ताकद आता त्याच्याकडे येऊ लागली. मूळ इंजिनासाठी ते बरोबर मापाचं होतं. बोजा मी वाढवला.

पहिल्यांदा ते गेलं तेव्हा चढावर गियर टाकताना मागून ‘टण्ण’ असा आवाज आला आणि नंतर नुसती घरघर. उघडून पाहिलं तर आतल्या छोट्या गियरांचे दात चेपलेले, त्यांच्या मागच्या वॉशरांचा चुरा तेलात. कामठी रोडवर हेराल्डचं एक डिफरन्शियल मिळालं, ते टाकलं. ते दीड वर्ष टिकलं. शिवाय हेराल्डचं गुणोत्तर आखूड, म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या फेऱ्या जास्त, त्यामुळे साठच्या वेगालाच इंजिन ओरडायचं. तिसरं मिळालं ते आधीच झिजलेलं होतं. त्यानंतर गाडी कित्येक वर्षं घरामागच्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर उभी राहिली. मामा रोज सकाळी देवपूजा झाली की शेडमध्ये जाऊन तिच्या बॉनेटवरची धूळ फडक्याने पुसत. ते बघवत नसे.

"कॉन्टेसाचाच मागचा अख्खा अ‍ॅक्सल टाकून द्या" असा सल्ला अनेकांनी दिला, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. मद्रासच्या कंपनीनेही शेवटी तेच केलं. हेराल्डनंतर 1972 मध्ये आलेल्या स्टँडर्ड गॅझेलला त्यांनी सरळ एकसंध अ‍ॅक्सल दिला, कारण हेराल्डचं मागचं सस्पेन्शन इथल्या गिऱ्हाइकांना आणि मेकॅनिकांना मानवत नव्हतं. पण स्पिटफायरच्या चासीला मध्ये एक कणा आहे, मागे गाडीच्या लांबीत उभे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) लावायला जागाच नाही. ती करायची तर तळ कापावा लागतो. मामांची गाडी मी कापणार नव्हतो. अट एकच ठेवली: चासीवर एकही नवं भोक पाडायचं नाही. जे काही बनेल ते कारखान्याने पाडलेल्या भोकांतच बोल्टने बसलं पाहिजे.

या अटीमुळे खरी अडचण लक्षात आली. बहुतेकांना वाटतं, डिफरन्शियल म्हणजे क्राऊन-पिनियनचा, म्हणजे एका मोठ्या आणि एका छोट्या दातेरी चाकाचा डबा, जुना काढा, मोठा लावा. स्पिटफायरमध्ये तो डबा तीन कामं करतो. चाकं फिरवणं हे त्यातलं एक. दुसरं, सस्पेन्शनचा आडवा पाटा थेट त्याच्या डोक्यावर स्टडांनी आवळलेला असतो, म्हणजे गाडीच्या मागच्या अंगाचं वजन त्या कवचातून पाट्यात आणि पाट्यातून चाकांत जातं. तिसरं काम डोळ्यांना दिसत नाही. चाकाला खालून धरणारा वेगळा दांडा या गाडीत नाही. डिफरन्शियलमधून निघणारा शाफ्टच तो दांडा आहे. वळणावर रस्ता चाकाला आत ढकलतो तो धक्का शाफ्टमधून येऊन डिफरन्शियलच्या कुशीतल्या बेअरिंगवर आदळतो. म्हणून डबा बदलायचा तर त्याची उरलेली दोन कामं कोणाकडे द्यायची, हे आधी ठरवायला हवं होतं.

डबा मिळाला तो मुंबईत, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर. 2000 नंतरच्या दशकात शेव्हरोलेच्या नावाने फॉरेस्टर नावाची गाडी आपल्याकडे काही वर्षं विकली गेली. ती मुळात सुबारूची, चारही चाकांना ताकद देणारी. तिच्या मागच्या डिफरन्शियलला आर-160 म्हणतात, कारण त्याच्या क्राऊन व्हीलचा व्यास 160 मिलिमीटर असतो. याच घराण्यातली डिफरन्शियलं जुन्या डॅटसन गाड्यांतही होती. ट्रान्सपोर्टने ते वाडीच्या गोदामात आलं. रिक्षातून घरी आणलं आणि त्याच रात्री मागचं झाकण उघडून खडूची खूण करत दात मोजले. क्राऊनचे 37, पिनियनचे 9. भागाकार 4.11. माझ्या मार्क 3 चं मूळ गुणोत्तरही नेमकं 4.11! मामांना उठवून सांगितलं. ते म्हणाले, "आता झोप."

दुसऱ्या दिवशी पिनियन हाताने फिरवून चाकांची बाजू कोणत्या दिशेने फिरते ते पाहिलं. ही तपासणी कोणीही विसरू नये. दिशा उलटी निघाली तर गाडी पहिल्या गियरमध्ये मागे जाईल.

मग मुख्य काम, पिंजरा. आर-160 च्या डोक्यावर पाटा ठेवायला जागा नाही आणि त्याचं कवच वेल्डिंग करण्याच्या धातूचं नाही. त्यामुळे त्याच्याभोवती 6 मिलिमीटर प्लेटचा एक पिंजरा बनवायचा, जो चासीच्या मूळ भोकांत बसेल, पोटात डिफरन्शियल धरेल आणि डोक्यावर पाटा पेलेल. मापं कुठून घ्यायची? चासीखाली झोपून टेपने घेतलेल्या मापांवर माझा भरवसा नव्हता. उपाय लेथवर काम करणाऱ्या आमच्या टर्नरकाकांनी सुचवला: "जुनाच डबा फर्मा समजा ना. त्याच्यापेक्षा बरोबर माप कोन देईन तुम्हाले?" जुनं, मोडकं डिफरन्शियल आम्ही जाड सपाट प्लेटवर पक्कं केलं. त्याची बोल्टाची भोकं, पाट्याची बैठक, पिनियनचा मध्य, सगळं त्या प्लेटवर खुंट्या आणि कोनांनी पकडून घेतलं. मग जुना डबा काढून घेतला. मागे राहिली ती त्याची रिकामी जागा, मिलिमीटरच्या अंशापर्यंत खरी. नवा पिंजरा त्या रिकाम्या जागेत उभा केला. आधी पुठ्ठ्याचे तुकडे, मग पत्रा, मग प्लेट.

वेल्डिंगने लोखंड ओढलं जातं, हे पुस्तकात वाचलं होतं. किती ओढलं जातं ते वेल्डरचाचांच्या हाताखाली उभं राहून कळलं. आधी सगळीकडे नुसते टाके, मग एका बाजूला दोन इंच, थांबायचं, समोरच्या बाजूला दोन इंच, पुन्हा थांबायचं. नागपूरच्या मे महिन्यात शेडचा पत्रा वरून भाजत असताना थांबणं जड जातं, पण चाचा घाई करू देत नसत. पाट्याची बैठक मुद्दाम 12 मिलिमीटर जाडीची घेतली आणि वेल्डिंग संपल्यावर हिंगणा एमआयडीसीत नेऊन मशीनवर सपाट करून आणली. भोकंही शेवटीच पूर्ण मापाला नेली. आधी पाडली असती तर एकही जागेवर राहिलं नसतं.

तरीही पहिला पिंजरा तडकला. पुढच्या माउंटजवळ (डिफरन्शियल जिथे आवळलेलं असतं त्या जागेजवळ), वेल्ड जिथे संपतं नेमकं तिथे, केसाएवढी रेघ दिसली. चूक माझी होती. मी वजनाचा हिशेब केला होता, पिळाचा केला नव्हता. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, 130 न्यूटन-मीटर धरा, पहिला गियर साडेतीन पट धरा, पुढे 4.11 पट. चाकांपाशी 1,870 न्यूटन-मीटर होतात. चाकं पुढे फिरतात तेव्हा तेवढाच पीळ डिफरन्शियलला उलट्या दिशेने बसतो, म्हणजे त्याचं नाक वर उचलू पाहतं. माझ्या पिंजऱ्यात पुढच्या-मागच्या माउंटमधलं अंतर 35 सेंटिमीटर. भागाकार केला तर पुढच्या माउंटला सुमारे 545 किलोची ओढ, आणि क्लच झटक्यात सोडला तर तिच्याहून कितीतरी जास्त. मी ते माउंट वजन पेलायला बनवलं होतं, त्याला मात्र वर ओढणारं बळ धरून ठेवायचं होतं. दुसऱ्या पिंजऱ्यात तिथे तिरपी आधारपट्टी दिली, रबराच्या बुशवर टोपीसारखा वॉशर दिला, आणि वेल्ड प्लेटच्या कडेला आणून न संपवता वळवून आत घेतलं. तो आजवर टिकला आहे.

तिसऱ्या कामाची सोय वेगळी. आर-160 मधले बाजूचे तुकडे आत एका तारेच्या सर्कलिपने अडकलेले असतात आणि त्यांचे जॉइंट आत-बाहेर सरकतात. चाकाचा आडवा धक्का त्यांच्यावर टाकता येत नाही. म्हणून पिंजऱ्याच्याच खालच्या बाजूला दोन्हीकडे लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारे दांडे, जोडले. आता चाक आर्म धरतो, शाफ्ट फक्त फिरवतो. याचा एक फायदा असा झाला की जुन्या रचनेत वळणावर अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडला की बाहेरचं चाक गाडीच्या पोटाखाली दुमडू पाही, ते गेलं. हब, म्हणजे चाक ज्यावर आवळतात ते तुकडे, एका मारुतीच्या पुढच्या चाकांचे घेतले, स्पिटफायरची रिम बसावी म्हणून 95.25 मिलिमीटरच्या वर्तुळावर नवी भोकं पाडली. शाफ्ट ईएन-24 पोलादाचे नवे बनवले. दोन गाड्यांचे अर्धे अर्धे शाफ्ट जोडून वेल्ड करायला स्वस्तात तयार होणारे पुष्कळ भेटतील. कृपा करून तसं करू नका. ताशी 80 ला तो जोड सुटला तर मागचं चाक तुमच्या हातात राहत नाही.

शेवटची झटापट प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे गियरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या, कोनाशी. गियरबॉक्सची फ्लँज (शाफ्ट जिला बोल्टने जोडतात ती चकती) आणि डिफरन्शियलची फ्लँज एकमेकींना समांतर हव्यात. नसल्या तर जॉइंट क्रॉस एका फेरीत दोनदा वेग कमी-जास्त करतो आणि ठरावीक वेगाला सगळी गाडी गुंजते. आम्ही ओळंबा आणि पाणसळ घेऊन तीन दिवस पातळ चकत्या घालत-काढत बसलो. चौथ्या दिवशी पहाटे, ऊन चढायच्या आत, मी आणि मामा वर्धा रोडने निघालो. 70 ला थोडी थरथर होती, ती आणखी एका चकतीने गेली. परतताना मामांनी गाडी चालवायला मागितली. एकोणीस वर्षांनी ते तिच्या स्टिअरिंगमागे बसले होते.

तर, ओरिजिनल का ठेवलं नाही? ठेवलं आहे. हेराल्डच्या डब्यांतले चांगले भाग घालून मूळ डिफरन्शियल मी दुरुस्त केलं. ते तेल भरून शेडच्या फळीवर बसलेलं आहे. खंडेनवमीला टर्नरकाकांच्या हत्यारांबरोबर त्यालाही झेंडूचं फूल मिळतं. चासी जशी कोव्हेंट्रीहून आली तशीच आहे, पाटाही तोच. उद्या कोणाला मूळ इंजिन मिळालं तर पिंजरा काढून जुना डबा लावायला दोन माणसांना एक दिवस लागेल.

मागच्या महिन्यात 3,000 किलोमीटर झाले म्हणून तेल काढलं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाचं बारीक पीठ निघालं, बोटावर चोळलं तर काजळासारखं. कण एकही नाही. लोअर आर्मच्या डाव्या बुशला मात्र भेगा दिसू लागल्यात, या उन्हाळ्याआधी ती बदलायची आहे.